केसभर खाली

प्रमिलाबाईंकडे गाणं शिकायला जायचं तर दारातच दोन गोष्टी सोडाव्या लागत. चपला आणि मोबाईल. चपला पायरीवर आणि मोबाईल पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. डब्याचं झाकण बाई स्वतःच्या हाताने असं दाबून बसवत, की जणू आत मोबाईल नाही, पाल आहे.

सावद्याच्या त्या गल्लीतून दिवसभर केळीचे ट्रक जात. ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरत, चहाच्या कपबशा किणकिणत, पण बाईंचा तानपुरा तसाच चालू. "ट्रक जाईल," बाई म्हणत, "सा राहील."

दिपमाला नवल पाटील त्यांच्याकडे बाराव्या वर्षी आली आणि आता सोळावं संपत आलं होतं. चार वर्षांपूर्वीची दिपमाला शाळेत हजेरी देतानासुद्धा 'हजर' असं पुटपुटायची, की सरांनी दोनदा तिची गैरहजेरी मांडली होती. आताची दिपमाला पंधरा ऑगस्टला माईकशिवाय गायली तर मागच्या पेरूच्या झाडावरचे पोपट उडून गेले. हे पोपट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तर असा सगळा बदल, आणि तो बाईंनी केलेला.

आणि केला कसा? ऐका. पोट आत घे, छाती भर, घसा मोकळा सोड, असलं एक अक्षर बाई बोलत नसत. नवी पोरगी आली की तिला आपल्या मागे बसवायच्या आणि सांगायच्या, "पाठीला हात लाव." मग स्वतः गायला लागायच्या. पोरीने फक्त तळवा त्यांच्या पाठीवर ठेवून बसायचं. खालचा सा लावला की कमरेच्या वर कुठेतरी जातं फिरल्यासारखी घरघर लागायची. मधला सा खांद्यांच्या मधोमध. आणि वरचा सा लागला, की पाठ एकदम शांत व्हायची. विहिरीत बादली बुडाली की हातातला दोर क्षणभर सैल पडतो ना, तशी.

"आधी तळव्याने शिकायचं," बाई म्हणत, "मग कानाने. गळा काय, शेळीसारखा मागून येतो."

दिपमालाची आई मंदाबाई मात्र पहिल्या सहा महिन्यांतच वैतागली होती. "सहा महिने झाले, पोरगी नुसती बाईच्या पाठीवर हात ठेवून येऊ राह्यली. गाणं शिकवू राह्यल्या का मालीश?"

सहा महिन्यांनी जागा बदलली. पोरगी पुढे, बाई मागे, आणि बाईंचा वाळक्या लिंबासारखा हलका तळवा पोरीच्या पाठीवर. "म्हण," बाई सांगायच्या. बस. श्वास चोरला तर तळवा दोन बोटं खाली सरकायचा. खांदे उचलले तर एक चापटी. त्या तळव्यापासून काही लपत नसे. एकदा दिपमाला चाचणीत नापास होऊन आली होती आणि काही बोलली नव्हती, तर बाई तीन स्वरांनंतर म्हणाल्या, "गणित का विज्ञान?"

शाबासकी वगैरे भानगड नव्हती. सूर बरोबर लागला की बाई "हं" म्हणत. फारच बरोबर लागला की लांब "हंऽऽ". चार वर्षांत दिपमालाला तीन लांब हं मिळाले होते आणि तिन्हींच्या तारखा तिच्या वहीत मागच्या पानावर होत्या.

पेटीला मात्र त्या घरात बंदी. "पेटीवर बघून गाणारी पोरगी म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणारी," बाई म्हणत. तानपुरा त्या स्वतः लावत, काळी चारच्या पट्टीत, खुंटी पिळून, मणी सरकवून, डोळे मिटून. आणि पोरींनी बाईंच्या गळ्यातून घ्यायचं. बाई जिथे लावतील तो सा. दुसरा सा जगात नाही.

त्या उन्हाळ्यात दिपमाला गाण्याच्या मध्यमा परीक्षेला धुळ्याला गेली. बापू, म्हणजे तिचे वडील, वरणगावच्या फॅक्टरीत. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून ती एकटी एसटीने गेली आणि त्याचा तिला भयंकर अभिमान वाटला. परीक्षा एका शाळेच्या सभागृहात होती. समोर परीक्षक, पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया. बाजूला पेटीवाला. दिपमालाने पेटीवाल्याकडे असं पाहिलं, जसं शाकाहारी माणूस मटणाच्या दुकानाकडे पाहतो. मग डोळे मिटून तिने देसकार सुरू केला.

देसकार हा सकाळचा राग आणि त्याचं सगळं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. त्याचा जीव वरच्या सा मध्ये. बाईंनी तिला तो वर्षभर शिकवला होता. दिपमाला चढत चढत वरच्या सा वर गेली, ठरवून तिथे थांबली, आणि पेटीवाल्याचं बोट पट्टीवर टेकलं.

पेटीचा सा आणि तिचा सा एकमेकांना खरवडले. पाटीवर नख ओढावं तसं. दिपमालाला वाटलं, पेटी बिघडलेली दिसते.

गाणं संपल्यावर परीक्षक बराच वेळ कागदावर काही लिहीत राहिले. मग हळूच म्हणाले, "आवाज सुंदर आहे, बेटा. दमसास सुंदर. फक्त वरचा सा कमी लागतो. केसभर. कोणाकडे शिकतेस?"

"प्रमिलाबाई, सावद्याच्या."

त्यांचं पेन थांबलं. "प्रमिलाबाईंकडे? अगं, त्यांच्या वरच्या सा वर आम्ही तरुणपणी..." ते परत कागदाकडे वळले. "गेल्या वर्षीही त्यांच्याकडची एक मुलगी आली होती. तिचाही तिथेच कमी होता." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाईंना माझा नमस्कार सांग हं. बाकी काही सांगू नकोस."

बाकी काही म्हणजे काय, हे दिपमालाला तेव्हा कळलं नाही.

मुक्काम सोनगीरला तोताराममामाकडे होता. मामाचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. सकाळी किल्ल्यावर ऊन आलं की आळीत ठोकाठोकी सुरू होई. दिपमाला ओट्यावर बसून रियाज करत होती, पेटीवाल्यावरचा राग काढत होती म्हणा ना. मामा हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला.

"मामा, कसं वाटलं?"

"माले गाना-बिना समजत नही, पोरी," मामा म्हणाला. "पन हाऊ हंडा ऐक." त्याने एका हंड्यावर बोटाचं पेर आपटलं. टण्ण. "आते हाऊ ऐक." दुसऱ्यावर आपटलं. टण्ण, पण शेवटी आवाज जरासा बसला. "समजना? बारीक तडा जायेल शे. दिखत नही, पन ऐकू येस. तू बठ्ठं चांगलं गास. वर गई का जराशी खाले बसस."

दिपमालाचा चेहरा उतरला. मामी आतून ओरडली, "पोरले खाऊ दे आधी! आल्या आल्या तडा दखाडस!"

पण आता तडा दिसलाच होता. दिपमालाने मोबाईलवर सूर मोजायचं ॲप उतरवून घेतलं. बाईंना कळलं असतं तर त्यांनी मोबाईल नाही, दिपमालालाच पोह्यांच्या डब्यात घातलं असतं. तिने सा लावला. काटा बरोबर मध्ये. रे, ग, प, ध, सगळीकडे मध्ये. वरचा सा लावला आणि काटा डावीकडे झुकून तिथेच बसला. तिने गळा ताणला, सूर वर ढकलला, काटा मध्ये आला; पण मग कानाला तो सा चढा वाटायला लागला, परका, दुसऱ्याच्या घरातला.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. मार्चमध्ये तिने एक आगाऊपणा केला होता. मोबाईल डब्यात टाकताना रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. डब्यात रेकॉर्ड झालेल्या बाई, पत्र्यातून आल्यासारख्या. तिने ते वाजवलं आणि समोर दुसऱ्या मोबाईलवर, मामीच्या, तेच ॲप उतरवून धरलं. बाईंचा वरचा सा आला. काटा डावीकडे. तेवढाच. अगदी तेवढाच डावीकडे.

तिच्याकडे बाईंच्या एका जुन्या मैफिलीचंही रेकॉर्डिंग होतं, वीस वर्षांपूर्वीचं, कॅसेटवरून उतरवलेलं. त्यातला वरचा सा मात्र काट्याने मधोमध धरला आणि बाई थांबेपर्यंत सोडला नाही.

म्हणजे बाईंचा कान वरच्या अंगाला थकला होता. आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं, कारण ऐकायचं तेच थकलं होतं. आणि त्यांच्या गळ्यातून घेणाऱ्या साऱ्या पोरींनी सूर घेतला तसा तोही घेतला. तळव्याने, कानाने, मन लावून. जी जितकी गुणी, तितका तिचा सा खोटा.

दिपमाला ओट्यावर बसून राहिली. आणि मग तिला आठवलं, की आजपासून एकवीस दिवसांनी गुरुपौर्णिमा आहे. जळगावच्या एका सभागृहात बाईंच्या जुन्या शिष्यांनी त्यांचा सत्कार ठेवलाय. अकरा वर्षांनी बाई लोकांसमोर गाणार आहेत. देसकार. आणि मागे तानपुऱ्यावर, साथीला, दिपमाला.

सावद्याला आल्यावर ती थेट कुंदाबाईंकडे गेली. कुंदाबाई बाईंची सर्वांत जुनी शिष्या, निवृत्त शिक्षिका, कार्यक्रमाचा सगळा भार त्यांच्याच डोक्यावर. त्या निमंत्रणांच्या पाकिटांवर नावं लिहीत होत्या.

"कुंदामावशी, एक सांगायचंय. रागावू नका. बाईंचा वरचा सा..."

कुंदाबाईंनी मान वर केली नाही. "कमी लागतो. चार वर्षं झाली."

"तुम्हाला माहिती आहे?"

"सगळ्यांना माहिती आहे. तुला काय वाटलं, तुझ्या आधीच्या विभा नि शैला जळगावला का जायला लागल्या? तिकडे दुसऱ्यांकडून सा दुरुस्त करून घेतात. बाईंना सांगितलंय, सासरी वेळ मिळत नाही."

"मग कोणी सांगितलं का नाही त्यांना?"

आता कुंदाबाईंनी वर पाहिलं. "मी एकोणीस वर्षांची असताना माझा गंधार हलला, तर बाई रात्रभर माझ्या पाठीवर तळवा ठेवून बसल्या... जाऊ दे. ज्या बाईनं मला सूर म्हणजे काय ते दाखवलं, तिला मी जाऊन सांगू, की बाई, तुम्ही बेसूर आहात? तू सांगशील?"

दिपमालाने तोंड उघडलं आणि मिटलं. पोपट उडवणारी दिपमाला!

"नाही ना?" कुंदाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पाकिटावर नाव लिहायला लागल्या.

पण त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या, हे कबूल करायला हवं. त्यांनी आधी बाईंना सुचवलं, देसकाराऐवजी भूप गा. तेच पाच स्वर, पण भूप खालच्या मजल्यावर राहतो. वरच्या सा ला नुसतं शिवून यायचं. बाई म्हणाल्या, "कार्यक्रम सकाळी साडेनऊला. सकाळी भूप? उद्या सांगशील दिवाळीला रंग खेळा." मग कुंदाबाई म्हणाल्या, कार्यक्रम संध्याकाळी घेऊ. बाई म्हणाल्या, "निमंत्रणं छापून आली ना?" आली होती.

मग त्या दोघींनी मिळून एक पाप केलं. बाई देवपूजेला गेल्या असताना तानपुरा एका काळ्या पट्टीने उतरवला. काळी चारचा काळी तीन. वरचा सा जरा तरी हाताशी येईल. बाई आल्या, बसल्या, तार छेडली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "कोणी उतरवला?"

कुंदाबाई निमंत्रणांची पाकिटं मोजायला लागल्या.

"मी काय बहिरी झाले का गं?" बाई म्हणाल्या आणि खुंटी पिळायला लागल्या. दोन मिनिटांत तानपुरा होता तिथे, काळी चारवर, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. खालचं सगळं त्यांना लख्ख ऐकू येत होतं. तेच तर वाईट होतं. थोडं इकडेतिकडे चुकल्या असत्या, तर स्वतःवर शंका तरी आली असती.

शेवटी दिपमालाने ठरवलं, सांगायचं नाही, गाऊन दाखवायचं. घरी पाण्याचा पंप सुरू करून, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये म्हणून, तिने आठ दिवस काट्यासमोर बसून खरा सा घोटला. आठव्या दिवशी तो परका वाटायचा थांबला. नवव्या दिवशी ती बाईंच्या पुढे बसली, पाठीवर बाईंचा तळवा, आणि वरचा सा लावला. खरा. मधोमध.

तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. पाठ शांत झाली. बादली बुडाली.

"चढलीस," बाई म्हणाल्या.

तिने परत लावला.

"चढतेय, दिपे. खाली ये."

"बाई, तानपुऱ्याशी जुळतोय."

चार वर्षांत कोणी बाईंना उत्तर दिलं नव्हतं. बाईंचा तळवा पाठीवरून निघाला.

"धुळ्याला जाऊन पेटी ऐकून आलीस वाटतं," बाई म्हणाल्या. रागाने नाही. दुखावून. ते जास्त वाईट. "असू दे. आजकाल सगळ्यांना पेटी लागते. विभाचंही असंच झालं, शैलाचंही. इथून जातात आणि चढतात." मग जरा थांबून, "मला वाटलं होतं, तू राहशील."

दिपमालाला किती काय बोलायचं होतं! ॲप, काटा, डबा, कॅसेट, मामाचा हंडा, सगळं जिभेवर रांगेत उभं होतं. तिने वळून बाईंच्या हातांकडे पाहिलं. नखांना मेंदी होती. कार्यक्रमासाठी आत्तापासून लावली होती, रंग चढावा म्हणून.

"म्हण," बाई म्हणाल्या आणि तळवा परत ठेवला.

दिपमालाने सा लावला. केसभर खाली.

"हंऽऽ," बाई म्हणाल्या. लांब. चौथा.

त्याची तारीख तिने वहीत लिहिली नाही.

गुरुपौर्णिमेला जळगावचं सभागृह भरलं होतं. खालच्या रांगांत बाईंचे शिष्य, काही साठीचे, काही आपापल्या शिष्यांना घेऊन आलेले. विभा होती, शैला होती, पैठणीत. सगळ्यांनी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. कोणी शाल घातली, कोणी नारळ दिला, एकाने केळीचा घड आणला म्हणून हशा पिकला. "सावद्याला केळी!" बाई म्हणाल्या. "अरे, समुद्राला मीठ आणलंस." पेटीवाला आला होता. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर फक्त तबला, तानपुरा आणि दिपमाला.

सुरुवातीची वीस मिनिटं, खरं सांगायचं तर, स्वर्ग होता. खालच्या सा पासून पंचमापर्यंत बाई अशा गायल्या की पेटीवाल्याने डोळे पुसले. दिपमाला मागे बसून विसरूनच गेली. तिला वाटलं, होईल. आज लागेल. देव काय, एवढं करायला नाही म्हणणार नाही.

मग बाई धैवतावरून वर निघाल्या. दिपमालाने पाहिलं, पहिल्या रांगेतल्या माणसांनी एकेक करून माना खाली घातल्या. कोणी मांडीवरची शाल नीट करायला लागलं. शैला पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे आधीच लाजून बसले.

बाईंनी वरचा सा लावला. केसभर खाली. तानपुऱ्याच्या तारा त्याला खरवडत राहिल्या.

आणि बाईंना ते इतकं गोड लागलं, की त्यांनी डावा हात मागे केला. दिपमालाला ती खूण माहीत होती. म्हण. माझ्याबरोबर धर.

तेवढ्या एका श्वासात तिला सगळं दिसलं. खरा सा लावला, तर दोन सा शेजारी शेजारी उभे राहतील आणि दोनशे माणसांना, मामासारख्या गाणं न कळणाऱ्यालाही, कोणाला तडा गेलाय ते ऐकू येईल. खोटा लावला, तर दोघी मिळून खोट्या. गप्प बसली, तर बाई मागे वळून पाहतील. चौथा रस्ताच नव्हता.

तिने लावला. बाईंचाच. केसभर खाली, तंतोतंत, इतका नेमका की दोन गळ्यांचा एक झाला. आयुष्यात इतकं बरोबर ती कधी चुकली नव्हती.

बाईंची मान आनंदाने डोलली.

टाळ्या पुष्कळ झाल्या. उभं राहून झाल्या. नंतर चहाच्या टेबलापाशी दिपमाला कपबशी घेऊन उभी होती, तेव्हा पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "बाईंचं वय झालं, ते समजू शकतो. पण ती मागची पोरगी! तरणीताठी, आणि सा बसका. मला तर वाटतं, तिनंच बाईंना खाली ओढलं."

शेजारी कुंदाबाई होत्या. त्यांनी ऐकलं. दिपमालाकडे पाहिलं, आणि आपल्या बशीतला पेढा उचलून तिच्या बशीत ठेवला. बस. पेढा.

परतीच्या गाडीत कुंदाबाई पुढे बसून झोपल्या, किंवा डोळे मिटून बसल्या. मागे बाई आणि दिपमाला, मध्ये नारळांची पिशवी. भुसावळ मागे पडलं. दोन्हीकडे दुपारचं ऊन, आणि तापीचा पूल जवळ आला तसा गार वारा आत आला.

"दिपे."

"हं, बाई?"

"लागला का गं?"

दिपमालाने खिडकीबाहेर पाहिलं. "लागला, बाई. छान लागला."

बाईंनी नारळांची पिशवी खाली ठेवली. तिच्या जवळ सरकल्या. आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला, खांद्यांच्या मधोमध.

"आता सांग."

दिपमालाने श्वास घेतला. तो अर्ध्यात अडकला. तिला कळलं, की अडकला. खांदे उचलले गेले, तेही कळलं. सोळा वर्षांची पोरगी खोटं बोलताना पाठीत काय काय होतं, ते सगळं त्या हलक्या तळव्याखाली होत होतं आणि तिला एकही गोष्ट थांबवता येत नव्हती.

"लागला," ती म्हणाली.

तळवा तसाच राहिला. पूल संपला. केळीच्या बागा सुरू झाल्या. फैजपूर आलं, गेलं. सावद्याच्या अलीकडे बाईंनी हात काढून मांडीवर ठेवला आणि त्याकडे पाहत राहिल्या, मेंदी लावलेल्या नखांकडे.

उतरताना म्हणाल्या, "उद्या येताना कुंदाकडची पेटी घेऊन ये."

दिपमाला रात्रभर... नाही, झोपली ती. रडून माणूस दमतं. सकाळी बापूंच्या स्कूटरवर पेटी बांधून ती बाईंच्या दारात आली. चपला सोडल्या. मोबाईल काढला, तर डबा जागेवर नव्हता. आत ओट्यावर होता, पोह्यांनी भरलेला.

बाईंनी पेटी समोर ठेवायला सांगितली. भाता उघडला. बोटाने काळी चारचा वरचा सा दाबला, बराच वेळ. मग पेटी थांबवून स्वतः लावला. परत पेटी. परत स्वतः. दोनदा, पाचदा, दहादा. दिपमाला भिंतीशी उभी होती. प्रत्येक वेळी तेच केसभर अंतर, आणि प्रत्येक वेळी बाईंच्या चेहऱ्यावर तेच. काही न दिसणाऱ्या माणसाने अंधारात भिंत चाचपावी तसं.

"मला दोन्ही एकच ऐकू येतात गं," शेवटी बाई म्हणाल्या.

बोलायचं ते चार वर्षांपूर्वी कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते कोणीतरी दिपमाला नव्हती, कुंदाबाई नव्हत्या, कोणीच नव्हतं.

बाईंनी तिला पुढे बसवलं. पेटी तिच्या मांडीपाशी सरकवली. स्वतः मागे गेल्या. तळवा पाठीवर आला.

"श्वास माझ्याकडून घे," बाई म्हणाल्या. "तो अजून बरोबर आहे. सूर पेटीवरून घे."

गल्लीतून केळीचा ट्रक गेला. काचा थरथरल्या. बाई ट्रकबद्दल काही बोलल्या नाहीत.

दिपमालाने पट्टी दाबली आणि वरचा सा लावला. लागला असावा. तिला वाटलं, लागला. पाठ शांत झाली. ती वाट बघत राहिली, आखूड हं ची, लांब हं ची, चापटीची, 'चढलीस' ची सुद्धा. कोणीतरी आपल्याला चूक म्हणावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मागून बाईंचा आवाज आला, नव्या आलेल्या पोरीसारखा.

"बरोबर आहे ना गं, दिपे?"